झोपेचं सोंग सोडून बोलायचं कसं? चाळिशीनंतर आणि साठीनंतर, शरीरसंबंधांविषयी

पाळी गेल्यावर वर्षभरात मी एक युक्ती शिकले. हे खोलीत यायच्या आधी अंथरुणावर पडायचं, भिंतीकडे तोंड करायचं आणि श्वास सावकाश चालू ठेवायचा. झोपलेल्या माणसाला कुणी उठवत नाही. मला दुखत होतं, आत चरचरायचं आणि ते सांगायला तोंडात शब्द नव्हता. ह्यांनी चार-सहा वेळा खांद्यावर हात ठेवून पाहिला, मग तेही सोडलं. हळूहळू दिवसाही हात लागेनासा झाला. टेबलावरचा चष्मा हातात देताना बोटाला बोट लागू नये, एवढी काळजी आम्ही दोघं घ्यायला लागलो. असे चौदा महिने गेले.

एका संध्याकाळी पायी घरी परतताना, रस्त्याकडे बघत मी म्हटलं, "अहो, मला तुमचा कंटाळा आलेला नाही. मला दुखतं."

हे थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटलं, माझंच काही जमेनासं झालंय म्हणून तू टाळतेस."

लिंगाची ताठरता टिकत नाही म्हणून ते धास्तावले होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मी माझ्या दुखण्यावर पांघरूण घालत होते, ते त्यांच्या. एकमेकांच्या गप्प राहण्याचा अर्थ दोघांनी आपापल्या परीने लावला होता, आणि दोघांचाही चुकला होता. शरीर बदलतं, ते बदलणारच. पण त्या चौदा महिन्यांत आमचं खरं नुकसान केलं ते या चुकीच्या अर्थांनी.

पुढे जे लिहिते आहे ते तेव्हा मला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी डॉक्टर नाही. आम्ही वाचत, विचारत, चुकत जे शिकलो ते क्रमाने मांडते. तुम्ही चाळिशीत असा की सत्तरीत, लग्न झालेलं असो की नसो, क्रम तोच ठेवा, वेग तुमचा ठेवा.

पायरी १: आधी स्वतःशी नक्की करा

जोडीदाराशी बोलण्याआधी अर्धा तास कागद-पेन घेऊन एकटं बसा. 'मला काय हवंय?' असा थेट प्रश्न विचारला तर उत्तर येत नाही. विशेषतः बायकांना, कारण हा प्रश्न आयुष्यात त्यांना कुणी विचारलेलाच नसतो. म्हणून जरा वळसा घालून विचारा. शेवटचं कधी छान वाटलं होतं? तेव्हा काय वेगळं होतं? सुट्टी होती, भांडण नव्हतं, झोप पूर्ण झाली होती, की नुसतं बोलत पडलो होतो?

मग अडचण कुठे आहे ते बघा. शरीरात असेल: दुखणं, कोरडेपणा, ताठरता, गुडघे, थकवा, एखादी नवी गोळी. मनात असेल: आपलं शरीर आता बघवत नाही अशी लाज, किंवा 'जमलं नाही तर' ही भीती. किंवा दोघांच्या मधे असेल: दहा वर्षांपूर्वीचा न मिटलेला राग. बहुतेकांकडे तिन्हींचं थोडं थोडं मिश्रण निघतं. तरी जे सगळ्यात जड वाटेल त्याखाली रेघ ओढा, कारण पहिल्या बोलण्यात एकच गोष्ट मांडायची आहे.

आणखी एक प्रामाणिकपणे लिहा. तुम्हाला संबंध हवे आहेत, की जवळीक हवी आहे, की दोन्ही? कुशीत झोपायचं आहे पण त्यापुढे नको, हे पूर्ण उत्तर आहे. आता संबंध नकोतच, हेही उत्तर आहे. पण ते जोडीदाराला कळायला हवं, त्याने भिंतीकडे वळलेल्या पाठीवरून ओळखायला नको.

लिहून झालं की कागद फाडून टाकलात तरी चालेल.

पायरी २: शब्द ठरवा

मराठीत बोलणाऱ्यांची ही अडचण खरोखरच मोठी आहे. एकीकडे संभोग, मैथुन, योनी, शिश्न असे पुस्तकी शब्द. ते उच्चारले की खोलीला दवाखान्याचा वास येतो. दुसरीकडे शिव्यांमधले शब्द, जे तोंडात घ्यायलाही नकोसे वाटतात. मधली जागा रिकामी. त्या जागेत आपण 'ते', 'तसलं', 'आमच्यात आता तसं काही नाही' असं काहीतरी भरून वेळ मारून नेतो. पण 'ते नको' म्हणजे नेमकं काय नको? आज नको, की कधीच नको? संबंध नकोत, की अंगाला हातही नको? मी 'ते नको' म्हणत होते तेव्हा मला म्हणायचं होतं, 'आत घेतलं की दुखतं'. ह्यांनी ऐकलं, 'तुम्ही नको'.

तेव्हा दोघांनी मिळून घरातले शब्द ठरवा. आमच्याकडे 'जवळ घेणं' म्हणजे मिठी, कुरवाळणं, कपड्यांसकट किंवा कपड्यांशिवाय नुसतं बिलगून पडणं. 'जवळ येणं' म्हणजे संबंध. एका क्रियापदाचा फरक, पण त्याने किती ताण उतरला म्हणून सांगू! "आज नुसतं जवळ घ्या" म्हटलं की पुढे काय अपेक्षित आहे आणि काय नाही, हे दोघांना ठाऊक असतं. सेक्स हा शब्द आवडत असेल तर तो वापरा, तो आता मराठीच झाला आहे. लाडाचा, खाजगी, दुसऱ्या कुणाला कळणार नाही असा शब्द असेल तर फारच उत्तम.

अवयवांची नावं मात्र एकदा तरी स्पष्ट उच्चारायला शिका. दार बंद करून स्वतःशीच मोठ्याने म्हणा: योनी, लिंग, स्तन, वीर्य, शिश्निका. शिश्निका म्हणजे क्लिटोरिस, योनीच्या तोंडाच्या वरच्या बाजूचा, स्पर्शाने सुख देणारा अवयव. हे अनेक जणींना साठीपर्यंत माहीत नसतं. पहिल्यांदा कान गरम होतात. पाचव्या वेळी तो कोपर किंवा टाच यासारखा शब्द वाटू लागतो. हे शब्द घरात नाही तरी डॉक्टरांसमोर लागतातच.

'अहो-जाहो'च्या नात्यात इच्छा बोलून दाखवणं म्हणजे आगाऊपणा, असं माझ्या पिढीतल्या अनेक बायकांना वाटतं. त्यासाठी 'अहो'चं 'अरे' करायची गरज नाही. तोंडाने बोलवत नसेल तर चिठ्ठी लिहा, फोनवर चार ओळी पाठवा. एकाच घरात बसून पाठवल्या तरी हरकत नाही.

पायरी ३: वेळ आणि जागा

अंथरुणात बोलू नका. संबंध फसल्यानंतरच्या दहा मिनिटांत तर अजिबात नको. त्या वेळी दोघंही उघडे असतात, अंगानेही आणि मनानेही, आणि साधं वाक्यसुद्धा निकालासारखं लागतं.

शेजारी शेजारी असताना बोलणं सोपं जातं: चालताना, गाडीत, एकत्र कपड्यांच्या घड्या घालताना. डोळ्यांत डोळे घालायचे नसतात, हात कामात असतात, मधेच गप्प राहिलं तरी अवघड वाटत नाही. घरात मुलं, सुना, नातवंडं असतील तर बाहेर पडाच. दाराबाहेर कुणी आहे का, याकडे एक कान असताना कुणीही मोकळं बोलू शकत नाही.

आधी विचारा. "मला आपल्या दोघांबद्दल थोडं बोलायचंय. भांडण नाही. आज जमेल की उद्या?" समोरचा 'उद्या' म्हणाला तर उद्याची वेळ तिथेच ठरवून टाका.

पायरी ४: पहिलं वाक्य

"तुम्हाला आता माझ्यात रसच उरला नाही" हे वाक्य कितीही दुःखातून आलेलं असलं तरी कानावर आरोपासारखंच पडतं. ऐकणारा बचावाला उभा राहतो आणि बोलणं तिथेच संपतं. तीच गोष्ट अशीही सांगता येते: "तुम्ही झोपताना पाठीवर हात ठेवायचात ना, मला त्याची आठवण येते."

जॉन गॉटमन आणि सिबिल करेर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली नवविवाहित जोडप्यांच्या वादांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वादाची पहिली ३ मिनिटं कशी गेली यावरून पुढच्या काही वर्षांत कुणाचा घटस्फोट होईल याचा अंदाज बांधता येत होता, असं त्यांना दिसलं. ती जोडपी नवी होती आणि विषय वेगळे होते, पण सुरुवातीच्या सुराला किती वजन असतं हे त्यातून कळतं. मला तर वाटतं, जुन्या जोडप्यांत ते जास्तच असतं, कारण सूर ऐकूनच पुढचं सगळं ओळखलं जातं.

काही वाक्यं देते. जशीच्या तशी वापरा किंवा आपल्या बोलीत वळवून घ्या.

"मला जवळ यावंसं वाटतं, पण दुखेल म्हणून भीती वाटते."

"हल्ली माझं शरीर पूर्वीसारखं साथ देत नाही. तू गैरसमज करून घेऊ नयेस म्हणून सांगतोय."

"आपण किती दिवसांत एकमेकांना हात लावला नाही. मला तेवढंच हवंय, पुढचं काही नको."

"मला आता संबंधांची इच्छा होत नाही. तुला काय वाटतं ते मला ऐकायचंय."

'नेहमी', 'कधीच', 'अमक्याचा नवरा', 'पूर्वी तू' हे शब्द पहिल्या बोलण्यात टाळा.

पायरी ५: ऐका

थोडक्यात सांगते, पण हेच सगळ्यात कठीण. समोरचा बोलला की लगेच उपाय सुचवू नका. "एवढंच ना!" म्हणू नका, कारण त्याला ते तोंडावाटे काढायला वर्ष लागलेलं असू शकतं. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत म्हणा: "म्हणजे मी झोपून जाते तेव्हा तुम्हाला वाटतं, मी मुद्दाम करते?" तो "हो" म्हणाला की मगच पुढे. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. दोघंही दमले की थांबा.

पायरी ६: शरीरात काय बदलतं ते दोघांनी मिळून समजून घ्या

हे माहीत नसेल तर प्रत्येक बदल नात्यातला दोष वाटतो. म्हणून वेळ काढून, एकत्र बसून वाचा.

बायकांची पाळी साधारण ४५ ते ५५ या वयात बंद होते. इस्ट्रोजेन हे स्त्रियांच्या शरीरातलं संप्रेरक (हार्मोन) कमी झालं की योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, ताणलं जाण्याची क्षमता घटते, ओलावा यायला वेळ लागतो. सोबत लघवीला जळजळ किंवा वारंवार जंतुसंसर्गही होऊ शकतो. अंगातून वाफा येणं पुढे बऱ्याच जणींचं आपोआप कमी होतं, कोरडेपणा मात्र उपचारांशिवाय सहसा जात नाही. 'थोडे दिवस सहन कर' हा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. दुखणं सहन करत राहिलं की पुढच्या वेळी स्नायू आधीच आवळून बसतात आणि आणखी दुखतं.

सोपा पहिला उपाय म्हणजे ल्युब्रिकंट, म्हणजे संबंधांच्या वेळी लावायचं बुळबुळीत वंगण. पाण्यावर आधारित किंवा सिलिकॉनचं घ्या. कंडोम वापरत असाल तर तेल किंवा तेलकट मलम लावू नका, त्याने कंडोमचं रबर (लॅटेक्स) फाटतं. आठवड्यातून दोन-तीनदा वापरायचे योनीसाठीचे मॉइश्चरायझर वेगळे मिळतात. तेवढ्याने भागलं नाही तर योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन, क्रीम किंवा छोट्या गोळीच्या रूपात, डॉक्टर लिहून देतात. ते मुख्यतः त्याच जागी काम करतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

पुरुषांमध्ये वयानुसार ताठरता यायला वेळ लागतो, नुसत्या विचाराने येत नाही, प्रत्यक्ष स्पर्श लागतो. ती तितकी घट्ट नसते, वीर्य कमी येतं आणि एकदा झाल्यावर पुन्हा तयार व्हायला काही तास किंवा दिवसही जातो. यातलं काहीही प्रेम आटल्याचं लक्षण नाही. हे बायकांनी नीट ऐकावं, कारण 'मी आता आवडत नाही' हा निष्कर्ष आपण फार पटकन काढतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९८७ ते १९८९ या काळात ४० ते ७० वयाच्या पुरुषांची पाहणी झाली. त्यातल्या ५२ टक्क्यांना ताठरतेची कमी-अधिक अडचण होती. म्हणजे निम्म्याहून अधिक पुरुष, आणि प्रत्येकाला वाटतं की तो एकटाच.

ही अडचण वारंवार येत असेल तर ती हृदयाची आधी आलेली खबर असू शकते. लिंगातल्या धमन्या १ ते २ मिलिमीटर रुंद, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटर. रक्तवाहिन्या आतून अरुंद व्हायला लागल्या की बारीक नळीत आधी कळतं. म्हणून लाजेने गुपचूप कुणाकडून गोळी आणून घेण्याआधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. ह्यांची वाढलेली साखर आम्हाला अशीच सापडली.

आता इच्छेविषयी. आपली समजूत अशी की आधी इच्छा होते, मग माणूस जवळ येतो. कॅनडातल्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० च्या सुमारास मांडलं की अनेकांच्या बाबतीत, विशेषतः दीर्घ सहवासातल्या स्त्रियांच्या बाबतीत, क्रम उलटा असतो: आधी निवांत जवळीक आणि स्पर्श, मग शरीर जागं होतं, आणि इच्छा त्यामागून येते. मला हे वाचून हायसं वाटलं. माझ्यात काही बिघडलं नव्हतं, सुरुवातीला वेळ मिळत नव्हता. फक्त 'मग येईलच इच्छा' असं म्हणून कुणावर जबरदस्ती करायला हा आधार कुणी वापरू नये.

आणि शिश्निकेबद्दल. बाहेर दिसतो तो तिचा छोटा टोकाचा भाग, बाकीची आत पसरलेली असते. तिची पूर्ण रचना ऑस्ट्रेलियातल्या शल्यचिकित्सक हेलन ओकॉनेल यांनी नीट दाखवून दिली ती १९९८ साली. नुसत्या संबंधांनी बहुतेक स्त्रियांना ऑर्गॅझम, म्हणजे सुखाचा परमोच्च क्षण, येत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत तेवढं पुरेसं असल्याचं सुमारे १८ टक्के स्त्रियांनीच सांगितलं. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारानंतर "मला इथे हात लावलेला आवडेल" असं सांगणं म्हणजे आधीच्या वर्षांबद्दल तक्रार करणं असं वाटतं खरं. ते वाटू दे, तरी सांगा. शब्द सुचला नाही तर त्यांचा हात धरून तिथे न्या.

पायरी ७: स्पर्शाची उजळणी

बोलून झाल्यावर दोघंही अवघडतात. आता लगेच 'करून दाखवायचं' आहे असं वाटतं. त्यावर विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९७० मध्ये मांडलेली पद्धत आजही लैंगिक समुपदेशनात वापरली जाते, आणि ती घरी करण्याजोगी आहे.

पहिले एक-दोन आठवडे संबंध बंद, दोघांच्या संमतीने. आठवड्यातून दोनदा ठरवून वेळ काढा, खोली उबदार ठेवा, फोन बाहेर. एकाने आडवं व्हायचं, दुसऱ्याने वीसेक मिनिटं स्पर्श करायचा. केस, मान, पाठ, हात, पावलं. स्तन आणि जननेंद्रियं वगळायची. मग अदलाबदल. स्पर्श करणाऱ्याने समोरच्याला खूश करायला बघायचं नाही, आपल्या हाताला काय जाणवतं तिकडे लक्ष द्यायचं: कातडी कुठे मऊ, कुठे गार. घेणाऱ्याने एवढंच बोलायचं: "इथे हलकं", "इथे थांब", "हे नको". हे निवांत जमायला लागलं की पुढच्या टप्प्यात वगळलेले भाग घ्यायचे, तरी संबंध नाहीतच. तिसऱ्या टप्प्यात, दोघांना वाटलं तर, सावकाश पुढे.

पहिल्या दिवशी ह्यांचा हात माझ्या पाठीवर तपासणीसारखा फिरत होता, आणि मी छताकडे बघत मिनिटं मोजत होते. चौथ्या खेपेला त्यांचा अंगठा माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला थांबला आणि मी नकळत "अं" केलं. छत्तीस वर्षांत ती जागा त्यांनाही माहीत नव्हती, मलाही नाही. संबंधांवर बंदी असली की परीक्षाच संपते. नापास व्हायचं भय गेलं की शरीर बऱ्याचदा आपणहून उत्तर द्यायला लागतं.

गुडघे किंवा कंबर धरत असेल तर कुशीवर, एकाच्या पाठीला दुसऱ्याचं पोट लावून झोपणं सोयीचं जातं. गुडघ्यांमध्ये आणि कमरेखाली उशी घ्या. दुखणं कमी असेल अशी वेळ निवडा. रात्र सगळ्यांना सोसत नाही, सकाळ अनेकांना बरी पडते.

पायरी ८: डॉक्टरांसमोर

मी ज्या पहिल्या डॉक्टरबाईंकडे गेले त्या कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, "आता या वयात कशाला हवंय हे?" मी घरी आले आणि पुढचे दोन महिने कुणाला काही विचारलं नाही. तसं कुणी तुम्हाला म्हणालं तर मनाला लावून न घेता डॉक्टर बदला. दुसऱ्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत तपासलं आणि औषध लिहून दिलं.

'या वयात' म्हणणाऱ्यांसाठी आकडे आहेत. २००७ मध्ये अमेरिकेत ५७ ते ८५ वयाच्या ३,००५ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. ५७ ते ६४ वयोगटातल्या ७३ टक्के, ६५ ते ७४ मधल्या ५३ टक्के आणि ७५ ते ८५ मधल्या २६ टक्के लोकांचे शरीरसंबंध चालू होते. पण पन्नाशीनंतर या विषयावर डॉक्टरांशी बोललेले पुरुष ३८ टक्के आणि स्त्रिया फक्त २२ टक्के.

डॉक्टर स्वतःहून विचारतील याची वाट बघू नका, आणि विषय निघताना दारात सांगायला ठेवू नका. बसल्या बसल्या म्हणा: "मला लैंगिक त्रासाबद्दल विचारायचंय." मग कधीपासून, किती वेळा, नेमकं काय होतं. "संबंधाच्या वेळी योनीच्या तोंडाशी जळजळतं, सहा महिन्यांपासून." "ताठरता येते पण मधेच जाते, सकाळीही हल्ली येत नाही." एवढ्यावरून डॉक्टरांना दिशा मिळते. बोलणं अवघड वाटत असेल तर हे कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं, अगदी थोडं, अगदी एकदाच, तरी लगेच दाखवा.

सगळ्या गोळ्यांची यादी न्या. नैराश्यावरची काही औषधं, रक्तदाबावरची काही, प्रोस्टेटवरची काही इच्छा, ताठरता किंवा ऑर्गॅझमवर परिणाम करतात. अनेकदा मात्रा किंवा औषध बदलता येतं, पण आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

सिल्डेनाफिल या ताठरतेवरच्या गोळीला १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि ताठरतेबद्दल लोक बोलायला लागले, हे चांगलंच झालं. पण छातीत दुखण्यावर नायट्रेट गटातलं औषध चालू असेल, जिभेखाली ठेवायची गोळी धरून, तर सिल्डेनाफिल आणि त्या जातीच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. रक्तदाब एकदम कोसळून जीवावर बेतू शकतं. आणि ही गोळी जोडीदाराच्या नकळत घेऊ नका. गोळी घेतली आहे हे एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही, यात पुन्हा तेच गुपित सुरू होतं.

आजारपणानंतर

हृदयविकाराच्या झटक्यानंतर जोडीदारच जास्त घाबरतो. 'काही झालं तर माझ्यामुळे' असं वाटून तो लांब झोपायला लागतो, आणि रुग्णाला वाटतं, आपण आता नुसते पेशंट उरलो. संबंधांचे श्रम साधारण दोन जिने चढण्याएवढे असतात. धाप किंवा छातीत दुखणं न होता तेवढं जमत असेल तर बहुतेकांना धोका कमी असतो, पण कधी सुरू करायचं हे डॉक्टरांना दोघांनी एकत्र जाऊन विचारा. सांधेबदल, प्रोस्टेट, गर्भाशय, स्तन यांच्या शस्त्रक्रियेआधीच विचारून ठेवलेलं बरं: किती आठवडे थांबायचं, काय बदलेल, काय परत येईल.

सेवा करणाऱ्यांची एक वेगळीच अडचण असते. दिवसभर ज्याचं अंग पुसलं, त्याच्याकडे रात्री नवरा म्हणून किंवा बायको म्हणून बघणं जमत नाही. त्यात गैर काही नाही. शक्य असेल तर अंघोळीचं काम मदतनिसाकडे द्या, आणि दिवसातून थोडा वेळ असा ठेवा ज्यात औषधाचं नाव निघणार नाही. हात हातात घेऊन बसणं हीसुद्धा जवळीकच. स्मृतिभ्रंश असेल तर समोरच्याला आत्ता, या क्षणी काय चाललंय ते समजतंय का आणि हवंय का, हे प्रत्येक वेळी बघावं लागतं. शंका असेल तर थांबायचं.

एकटे असाल, किंवा नव्याने कुणी आयुष्यात आलं असेल

जोडीदार गेल्यावर किंवा वेगळं झाल्यावर इच्छा संपतेच असं नाही. ती झाली म्हणून गेलेल्या माणसाशी बेइमानी होत नाही. हस्तमैथुनाने कोणत्याही वयात अपाय होत नाही.

नव्या नात्यात मात्र पहिल्यांदा जवळ येण्याआधी दोन गोष्टी बोला. एक, तपासण्या: एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी या संबंधांतून पसरणाऱ्या आजारांना वय कळत नाही. "आपण दोघंही एकदा तपासून घेऊया" हे दोघांच्या नावाने म्हटलं की टोचत नाही. निकाल येईपर्यंत कंडोम. दोन, गर्भ: पाळी अनियमित झाली म्हणजे धोका संपला असं नाही. शेवटची पाळी पन्नाशीनंतर आली असेल तर त्यानंतर १ वर्ष, पन्नाशीच्या आत आली असेल तर २ वर्षं गर्भनिरोधक वापरायचं असतं.

मोठ्या मुलांना किती सांगायचं? नातं आहे एवढं सांगा. बंद दारामागचं सांगायला तुम्ही बांधील नाही.

नकार आणि दबाव

"आज नको" म्हणताना शक्य असेल तर पुढे काय हवं तेही जोडा: "आज नको, पण जवळ घे." ऐकणाऱ्याने कारण मागत बसू नये, तोंड फिरवून झोपू नये. नकार सहज देता यायला लागला की होकारावर विश्वास बसतो. लग्नाला कितीही वर्षं झाली असली तरी प्रत्येक वेळचा होकार त्या वेळचाच.

जिथे नकार दिला की आरडाओरडा, धमकी, पैसे बंद होणं किंवा मारहाण होते, तिथे वरच्या पायऱ्या वापरू नका. तो संवादाचा प्रश्न नाही, हिंसा आहे. आधी विश्वासातल्या माणसाला, समुपदेशकाला किंवा महिलांसाठीच्या मदतसेवेला सांगा, आणि आपली सुरक्षितता बघा.

आणि जोडीदार चांगला आहे, पण दर वेळी विषय टाळतोच, असं असेल तर? दोन-तीन महिने, अंतर ठेवून, तीनदा प्रयत्न करा. मग लैंगिक समुपदेशनाचं शिक्षण घेतलेल्या समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. तो यायला तयार नसेल तर एकटे जा, एकट्याने गेल्याचाही उपयोग होतो. गुप्त शक्ती, हमखास इलाज असल्या जाहिरातींच्या वाटेला मात्र जाऊ नका.

एकदा बोलून भागत नाही

शरीर दर वर्षी थोडं बदलतं, त्यामुळे गेल्या वर्षीचं बोलणं या वर्षी शिळं होतं. आम्ही महिन्यातून एकदा त्याच रस्त्याने पायी जातो आणि एकमेकांना तीन गोष्टी विचारतो: या महिन्यात काय छान वाटलं, कुठे अडलं, पुढे काय करून बघावंसं वाटतं. कधी पाच मिनिटांत संपतं, कधी घर मागे टाकून आम्ही पुढेच चालत राहतो. सुरुवातीला दर वेळी विषय मीच काढायचे. मागच्या महिन्यात वळणावर पोहोचायच्या आधीच ह्यांनी विचारलं, "काय गं, हल्ली दुखत नाही ना?"